खामगाव ते लिव्हरपूल : अंतराची दोन मापे

दोन गावांमधील अंतर ही भूगोलाची बाब होय. ते तोडण्यास लागणारा काळ मात्र इतिहासाचा विषय आहे. आपले जुने अंतरवाचक शब्द याची साक्ष देतात. 'कोस' हा संस्कृत 'क्रोश' म्हणजे हाक यावरून आला. 'मजल' हा अरबी 'मन्झिल' म्हणजे उतरण्याचे ठिकाण यावरून. पहिले माप आवाजाच्या पल्ल्याचे, दुसरे दिवसभराच्या वाटचालीचे. ही दोन मापे वऱ्हाडात कशी बदलली, हे खामगावच्या उदाहरणावरून पाहता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापूरपर्यंत जाई. पावसाळ्यात वाटा बंद पडत आणि वाटेत माल खराब होई. जॉन चॅपमन याने १८५१ मधील आपल्या ग्रंथात या वाहतुकीची चर्चा करून रेल्वेची बाजू मांडली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानी कापसाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि १८७० मध्ये जलंब–खामगाव या छोट्या फाट्याचे उद्घाटन लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाणा जिल्ह्यात आले.

या सुमारास सागरी अंतरही घटले. लंडन–मुंबई हा केपमार्गे सुमारे १०,७०० सागरी मैलांचा प्रवास १८६९ मध्ये खुल्या झालेल्या सुएझ कालव्यामुळे सुमारे ६,२०० मैलांवर आला. १८७० मध्येच सुएझ–एडन–मुंबई ही समुद्रतार पूर्ण झाली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कापसाच्या गाठीला लिव्हरपूल गाठण्यास तरीही आठवडे लागत. लिव्हरपूलचा भाव मात्र तारेने काही तासांत मुंबईस आणि तेथून खामगावच्या बाजारात येऊ शकत होता. पूर्वी भावही टपालाबरोबर जहाजानेच येई. आता बातमीची गती मालाच्या गतीपासून तुटली. मराठीतही 'तार' हा धातूच्या तंतूचा वाचक शब्द निरोपाचा वाचक झाला.

परंतु हे सान्निध्य सर्वांना सारखे लाभले नाही. भाव प्रथम व्यापाऱ्यास कळे. सावकाराची उचल घेतलेल्या शेतकऱ्यास पीक हाती येताच विकणे भाग असे. युद्धानंतर भाव कोसळले, त्याचा धक्का त्याच्याच शेतापर्यंत पोहोचला. १८९९–१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले, तेव्हा लोहमार्ग आणि तार दोन्ही हाताशी होती. धान्य विकत घेण्याची ऐपत मात्र अनेकांपाशी नव्हती.

म्हणून दळणवळणाच्या इतिहासात मैल आणि तास नोंदवून भागत नाही. अंतर कोणासाठी कमी झाले, हेही विचारावे लागते. लिव्हरपूलचा शब्द खामगावात पोहोचला. खामगावच्या शेतकऱ्याची हाक मात्र बहुधा कोसापलीकडे गेली नाही.