ट्रॅक्टरचं हेड दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं? लेथवर टाकण्याआधी एवढं तपासा

साखर कारखाने सुरू व्हायला आले की आपल्याकडं ट्रॅक्टरची कामं निघतात. दोन ट्रॉल्या ऊस ओढताना चढाला इंजिन तापलं आणि रेडिएटरचं पाणी कमी पडलं, की पहिला दणका हेडला बसतो. मिस्त्री म्हणतो, "हेड लेथवर टाकू." इथंच पैसे वाया जातात. तीन हंगामांपूर्वी मी माझ्या हेडचं फेसिंग केलं, गाईड आणि सीट बदलल्या, नवं गॅस्केट टाकलं. नवव्या दिवशी रेडिएटरमध्ये परत बुडबुडे! दोन वालच्या मधली चीर कुणी बघितलीच नव्हती. म्हणून आधी चीर बघायची, मग बाकीचं.

हेड काढण्याआधी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू करा. (गरम असताना झाकणाला हात लावू नका, तोंड भाजतं.) सारखे बुडबुडे येत असतील, बाहेर गळती नसताना पाणी कमी होत असेल किंवा ऑईल दुधाळ झालं असेल, तर एकतर गॅस्केट गेलंय नाहीतर हेडला चीर आहे. नुसतं गॅस्केट असेल तर काम स्वस्तात भागतं.

हेड काढल्यावर काजळी पूर्ण खरवडून धुऊन घ्या. चीर बहुतेक वेळा दोन वालच्या सीटच्या मधे नाहीतर सीटपासून नोझलच्या भोकाकडं जाते, कारण तिथं लोखंड कमी आणि आग जास्त. घरी तपासायची जुनी पद्धत अशी: त्या जागेवर डिझेल लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा आणि वर खडूची पूड पसरा. चीर असेल तर मुरलेलं डिझेल वर येऊन पुडीत ओली रेघ उमटते. पण बारीक चीर गरम झाल्यावरच उघडते. त्यासाठी पाण्याच्या वाटा बंद करून हवेच्या दाबाची टेस्ट करावी लागते. ही सोय गावातल्या सगळ्या लेथवर नसते. कराड, सांगली, मिरजेला हेड घेऊन जाताना आधी फोन करून विचारा. टेस्टचे पैसे वाचवायला जाऊ नका.

आगीच्या बाजूला चीर निघाली तर माझ्या मते ते हेड भंगारात द्यावं. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात. पण बिडाचं अख्खं हेड आधी तापवून, वेल्डिंग करून, सावकाश थंड केलं तरच जोड टिकायची आशा. नुसती कांडी मारली तर शेजारी नवी चीर पडते. बाहेरच्या अंगाला, जिथं फक्त पाणी असतं, तिथली चीर मात्र दुरुस्त होऊ शकते.

चीर नसेल तर बाकीचं बहुतेक सगळं दुरुस्त होतं. वाल आणि स्प्रिंग बसलेले असताना हेडच्या हवेच्या आणि सायलेन्सरच्या वाटेत डिझेल ओता. वालखालून झिरपलं तर ग्राइंडिंग लागेल. वाल थोडा उचलून बाजूला हलवा, खडखड हलला तर गाईड गेलंय. हेडवर सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेज घाला. साधारण ०.१ मिमीची पाती आत जात असेल तर फेसिंग करावं लागतं. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात बघा.

फेसिंग आधी किती वेळा झालंय, हे जरूर विचारा. दर वेळी हेड पातळ होतं, वाल आणि नोझलचं टोक पिस्टनजवळ येतं. व्हर्नियरनं जाडी मोजून नव्या हेडशी ताडून बघा. जुन्या बाजारातलं हेड घेतानाही हेच सगळं करा. "चालू गाडीचं काढलंय" यावर जाऊ नका.

हिशेब करताना फेसिंग, सीट, गाईड, वाल, गॅस्केट सेट, मजुरी असा सगळा आकडा आधी कागदावर मांडा. नव्या हेडच्या निम्म्यावर गेला तर मी नवं घेतो. काही ट्रॅक्टरना प्रत्येक सिलिंडरला वेगळं हेड असतं. तिथं गेलेलं एकच बदलून भागतं. तीन सिलिंडरना मिळून एकच हेड असेल तर नवं महाग पडतं, मग दुरुस्तीचा विचार जास्त करावा. विहिरीवरच्या जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनाचं हेड लहान. त्यावर फार खर्च करण्यात अर्थ नसतो. १९१० सालच्या किर्लोस्करवाडीचा आणि १९२२ च्या साताऱ्यातल्या कूपरचा हा मुलूख, इथं जुनं इंजिन टाकवत नाही हे मान्य, पण भावना वेगळी आणि बिल वेगळं.

नवं बसवा किंवा दुरुस्त, हेड तापलं का ते शोधाच. जत, आटपाडी, माण, खटावकडं बोअरचं क्षारी पाणी रेडिएटरमध्ये ओततात. क्षार हेडच्या आतल्या वाटांत खपलीसारखा बसतो, सीटजवळ पाणी पोचत नाही आणि तिथंच चीर पडते. कूलंट टाका, नाहीतर निदान गाळून साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. माझ्या दुसऱ्या हेडला आता तिसरा हंगाम चालू आहे.