सायकोसिसवरील मानसशास्त्रीय उपचार : माणूस पाहून उपचार का ठरवावा?

वस्तीतला एखादा तरुण कामावर जाणे बंद करतो, रात्ररात्र जागतो, कोणी नसताना उत्तरे देतो, 'माझ्यावर पाळत आहे' म्हणू लागतो. अशा वेळी घरचे लोक बहुधा दोन वाटा धरतात. एक देवऋषीकडे जाते, दुसरी दवाखान्यातल्या गोळ्यांकडे. पहिली वाट सोडायची असते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दुसरी वाट बरोबर आहे, पण बहुतेकदा अर्ध्यावर थांबते. गोळ्यांच्या जोडीने बोलण्यातून होणारे उपचारही असतात. ते त्या माणसाच्या आयुष्याला धरून आखले तर जास्त उपयोगी पडतात. या लेखात आम्ही त्यांची माहिती देत आहोत.

सायकोसिस म्हणजे काय?

सायकोसिस ही मनाची एक अवस्था आहे. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे (भास), पुरावा नसताना एखादी गोष्ट ठामपणे खरी वाटणे (संभ्रम) आणि विचार विस्कळीत होणे ही तिची मुख्य लक्षणे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार, तीव्र नैराश्य, नशा, क्वचित बाळंतपणानंतरचे दिवस, अशा अनेक कारणांनी ती येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सायकोसिस असलेल्या दर चार जणांपैकी सुमारे तीन जण उपचाराबाहेर आढळले होते.

निदान एक, माणसे दोन

एकाच निदानाची दोन माणसे घ्या. एकाला मेलेल्या वडिलांचा आवाज दिवसभर रागावतो. दुसऱ्याला शेजारी जेवणात विष कालवतात असे वाटते. पहिल्याचा प्रश्न अपराधीपणाचा असू शकतो, दुसऱ्याचा भीतीचा. दोघांना एकच ठरीव समुपदेशन देऊन भागत नाही.

आवाजसुद्धा माणसाच्या जगातूनच येतात. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानामधील आक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी २० जणांशी बोलून २०१५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या लोकांचे आवाज प्रामुख्याने हिंसक आणि परके होते. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत होते. घरकाम सांगणारे, रागावणारे, कधी सल्ला देणारे. जिथे आवाज नात्यातला आहे, तिथे उपचारालाही नात्यांविषयी बोलावे लागते.

आराखडा कसा बनतो?

या उपचारांपैकी सर्वांत जास्त अभ्यासलेला प्रकार म्हणजे बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजेच सीबीटी. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी संभ्रम असलेल्या एका रुग्णाशी बोलून केलेल्या उपचाराची नोंद १९५२ मध्येच प्रसिद्ध केली होती. आज इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सायकोसिस असलेल्या व्यक्तीला अशा किमान १६ बैठका आणि कुटुंबाबरोबर किमान १० बैठका देऊ कराव्यात, असे अपेक्षित आहे.

पहिल्या काही बैठकांत उपचारक 'हे खोटे आहे' असा वाद घालत नाही. तो विचारतो : हे कधी सुरू झाले? त्याआधी घरात, कामावर काय घडले होते? आवाज काय म्हणतो, कोणाचा वाटतो? तो ऐकून तुम्ही काय करता? कशाने तो वाढतो, कशाने कमी होतो? झोप, नशा, कर्ज, नाती, जुने आघात हे सगळे त्यात येते. मग दोघे मिळून त्रासाची साखळी कागदावर मांडतात आणि कोणती कडी आधी सैल करायची ते ठरवतात. उद्दिष्ट रुग्णाचे स्वतःचे असते. 'आवाज बंद व्हावेत' याऐवजी 'एसटीने एकट्याने तालुक्याला जाऊन यायचे आहे' असेही ते असू शकते.

पुरावा काय सांगतो?

सरसकट पाहिले तर सीबीटीचा सायकोसिसवरचा सरासरी परिणाम माफक आहे. म्हणूनच तो व्यक्तीनुसार आखण्याचे प्रयोग महत्त्वाचे ठरतात. ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने १३० जणांवरची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. 'लोक माझ्या जिवावर उठले आहेत' असा दीर्घकाळचा संभ्रम असलेली ही माणसे होती. झोप, काळजी, आत्मविश्वास, आवाजांचा त्रास अशा विषयांतून आधी कशावर काम करायचे, हे रुग्णच निवडत होते. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा तो संभ्रम ओसरला.

दुसरे उदाहरण 'अवतार' उपचाराचे. यात रुग्ण ऐकू येणाऱ्या आवाजाला संगणकावर चेहरा देतो, उपचारक त्या चेहऱ्यातून बोलतो आणि रुग्ण त्याला उत्तर द्यायला शिकतो. ब्रिटनमधील ३४५ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. छोट्या, ठरीव प्रकारात आणि जीवनकहाणीशी जोडलेल्या लांब प्रकारात, दोन्हींत १६ आठवड्यांनी त्रास घटला. पुढे तो फरक तितका स्पष्ट राहिला नाही. मात्र आवाज कमी वेळा ऐकू येऊ लागले, ते लांब प्रकारात.

आपल्याकडे हे शक्य आहे का?

'एवढे तज्ज्ञ आहेत कुठे?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे काही उत्तर सातारा, गोवा आणि तमिळनाडू येथे झालेल्या चाचणीत मिळते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण होते. त्यांच्यापैकी एका गटाला दवाखान्यातल्या उपचारांबरोबर प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांची जोड मिळाली. कार्यकर्ते घरी जात, त्या व्यक्तीच्या गरजा पाहून आराखडा करत, कुटुंबाला माहिती देत, कामाकडे परतायला मदत करत. वर्षभरानंतर या गटात लक्षणे आणि अपंगत्व थोडे, पण निश्चित कमी होते. सर्वांत ठळक फरक तमिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला. डॉक्टरची जागा कार्यकर्ता घेऊ शकत नाही, पण डॉक्टर जिथे पोहोचत नाही तिथे तो पोहोचतो.

जातीचा अनुभव आजाराच्या खात्यात टाकू नये

'हॉस्टेलमधली सगळी मुले माझ्याविषयी कुजबुजतात' असे एखादा विद्यार्थी म्हणतो. हे सरसकट 'संभ्रम' म्हणून लिहून घेणे चूक आहे. आडनाव विचारून अंतर ठेवणे, राखीव जागेवरून टोमणे मारणे, भाड्याने खोली नाकारणे हे घडते, हे आपण जाणतो. पण तो म्हणतो ते सगळे जसेच्या तसे खरे मानून त्याच्यासोबत लढायला निघणेही त्याच्या हिताचे नाही. अपमान खरा असू शकतो, आणि 'भिंतीत माइक बसवला आहे' हा त्यावर चढलेला संभ्रमही असू शकतो. चांगला उपचारक दोन्ही वेगळे करतो. घडलेल्या अन्यायाला अन्याय म्हणतो, त्यावर दाद कुठे मागायची ते सांगतो, आणि भीती जिथे पुराव्यापलीकडे गेली आहे तिथे हळूहळू काम करतो.

इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय कॅरिबियन समाजात सायकोसिसचे निदान जास्त होते आणि वंशभेदाचा अनुभव तिथे उपचाराचा विषय बनला आहे. शनाया राठोड, डेव्हिड किंगडन आदींनी या समाजासाठी आणि दक्षिण आशियाई मुस्लिमांसाठी सीबीटीत बदल केले. २०१३ च्या छोट्या चाचणीत लक्षणे कमी झाली. आपल्याकडेही जातीचा प्रश्न उपचाराच्या खोलीत उघडपणे विचारला गेला पाहिजे.

ध्यानाबद्दल सावधगिरी

'शिबिराला पाठवा, बरा होईल' हा सल्ला आपल्यात सहज दिला जातो. तीव्र सायकोसिसमध्ये दहा दिवसांचे मौन आणि दीर्घ ध्यान त्रास वाढवू शकते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल चॅडविक यांनी सायकोसिससाठी ध्यानाचा वेगळा प्रकार तयार केला : सुमारे दहा मिनिटांचाच, मध्येमध्ये सूचना देत, लांब शांतता टाळत. उपचार करणाऱ्यांना विचारल्याशिवाय कोणालाही शिबिराला पाठवू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. रुग्णाशी वाद घालू नका, हो ला होही करू नका. 'तुला खूप भीती वाटत असेल' एवढे म्हणणे पुरे असते.

२. गोळ्या परस्पर बंद करू देऊ नका. दुष्परिणाम होत असतील तर डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते.

३. दवाखान्यात जाताना त्रास कधी सुरू झाला, आधी काय घडले, झोप कशी आहे, त्याला स्वतःला काय हवे आहे, हे त्याच्याशी बोलून लिहून न्या. दहा मिनिटांच्या तपासणीत हा कागद फार कामाला येतो.

४. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ वाचा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, कार्ड नसले तरी, सरकारी संस्थेत मोफत उपचाराचा हक्क आहे. उपचारात जातीवरून भेदभाव करायला मनाई आहे. साखळीने बांधणे बेकायदा आहे. आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो. व्यक्तीनुसार उपचाराचा हा कायदेशीर पाया आहे.

५. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. जिवाला धोका वाटत असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

उपचार सुरू झाले की एक प्रश्न विचारायला विसरू नका : 'हा आराखडा करताना याला स्वतःला काय हवे, हे कोणी विचारले का?' उत्तर नाही असेल, तर ते विचारायला लावणे हे आपले काम आहे.