देवाच्या जागी पिता : एझानाच्या शिलालेखांवरील भाष्य

इथिओपियाच्या उत्तरेकडील पठारावर अक्सूम हे प्राचीन नगर आहे. चौथ्या शतकात तेथे एझाना राजा राज्य करत होता. बेजा लोकांवरील स्वारीचा त्याचा जुना लेख आणि नोबा लोकांवरील स्वारीचा नंतरचा लेख शेजारी ठेवून वाचले, की धर्मांतर वाक्यरचनेत कसे उतरते ते दिसते. ओळींचा आशय माझ्या शब्दांत देत आहे.

जुना लेख

ओळ : अक्सूम, हिम्यार, हबशत, सबा, बेजा, कासू इत्यादींचा राजा, राजांचा राजा एझाना.

हिम्यार आणि सबा तांबड्या समुद्रापलीकडे, येमेनात. ही नावे आधीच्या शतकातील स्वाऱ्यांची आठवण आहेत. बिरुदावलीत असलेला प्रत्येक प्रदेश राजाच्या हाती होताच असे मानू नये. कासू म्हणजे नाईलकाठचा कुश. लेख त्रिविध आहे : एकदा ग्रीक, आणि दोनदा अक्सूमच्या गीझ भाषेत, त्यातही एकदा दक्षिण अरबी वळणाच्या लिपीत. गीझमध्ये जेथे ‘हबशत’ आहे, तेथे ग्रीकमध्ये ‘एथिओपियन’ आहे. याच ‘हबशत’च्या कुळातला ‘हबश’ शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला; मलिक अंबरला आपण हबशी म्हणतो तो त्यावरूनच.

ओळ : शत्रूला अजिंक्य अशा महरेमचा पुत्र.

महरेम हा अक्सूमच्या राजांचा युद्धदेव. ग्रीक पाठात त्याच्या जागी अरीस येतो. लेखकाने देवाचे नाव नुसते ग्रीक अक्षरांत उतरवले नाही. ग्रीक वाचकाच्या ओळखीचा युद्धदेव निवडला. राजा स्वतःला देवाचा पुत्र म्हणवतो आहे. ही ओळ लक्षात ठेवावी.

ओळ : बेजांनी बंड केले, राजाने भावांना पाठवले, सहा बेजा राजे प्रजेसह आणून वसवले.

शरण आलेल्यांना वाटेत अन्नपाणी पुरवल्याची नोंद लेखात आहे. विजयाइतकाच पुरवठाही राजाला कोरून ठेवावासा वाटला. या भावांपैकी शैझानाचे नाव पुढे महत्त्वाचे ठरते. साधारण 356 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टँटियसने ‘एझाना आणि सझाना’ (म्हणजे हाच शैझाना) या दोघांना पत्र लिहून बिशप फ्रुमेंटियसला धर्ममताच्या चौकशीसाठी परत पाठवण्यास सांगितले. फ्रुमेंटियस मूळचा टायरचा. लहानपणी अक्सूमच्या दरबारात आला, पुढे अलेक्झांड्रियात अथनासियसने त्याला बिशप नेमले. अथनासियसशी सम्राटाचे वैर होते, म्हणून हे पत्र.

ओळ : अरीसला सोन्याची एक, रुप्याची एक आणि काशाच्या तीन मूर्ती अर्पण.

मूर्ती अर्पण करणारा हाच राजा पुढे आपल्या नाण्यांवरची चकती आणि चंद्रकोर काढून क्रूस घालतो.

नंतरचा लेख

ओळ : आकाशाच्या स्वामीच्या सामर्थ्याने.

लेखाचा आरंभच बदलला. येथे महरेम नाही, पण ख्रिस्ताचे नावही नाही. याउलट अक्सूममध्येच सापडलेल्या एझानाच्या एका ग्रीक लेखात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माझ्या मते हा फरक वाचकांमुळे पडला. ग्रीक वाचणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांना नवा धर्म उघडपणे सांगता येत होता. गीझ वाचणाऱ्या प्रजेला कोणत्याही श्रद्धेतून मान्य होईल असे संबोधन हवे होते.

लिपीही पालटली आहे. जुन्या गीझ पाठात केवळ व्यंजने होती. येथे स्वरही अक्षरातच दाखवले आहेत, आपल्या बाराखडीसारखे. गीझमध्ये प्रत्येक व्यंजनाची सात रूपे होतात.

ओळ : एला अमिदाचा पुत्र, शत्रूला अजिंक्य.

एला अमिदा हा एझानाचा पिता. त्याचे नाव बिरुदावलीआधी येऊन गेलेले असते, आणि बिरुदावली संपताच ते पुन्हा येते. ही द्विरुक्ती कोरणाऱ्याची चूक वाटेल, पण जुनी ओळ आठवावी : याच जागी महरेम होता. राजाने देव काढला, ‘पुत्र’ ठेवला, ‘अजिंक्य’ही ठेवले, आणि रिकाम्या जागी माणूस बसवला.

ओळ : हे सिंहासन आकाशाच्या स्वामीच्या बळाने उभारले, प्रजेवर अन्याय न करता न्यायाने राज्य करीन, जो हे उखडील, तो कुळासह उखडला जावो.

शेवटचा शाप जुन्याच वळणाचा आहे. त्याच्या आधीचे वचन मात्र राजाने स्वतःवर घातलेले बंधन आहे. देवपुत्र म्हणवणाऱ्याने मूर्ती अर्पण केल्या. माणसाचा पुत्र म्हणवणारा आकाशाच्या स्वामीसमोर प्रजेला न्यायाचा शब्द देतो. धर्मांतराचा पुरावा मी नाण्यावरच्या क्रुसाइतकाच या दोन ओळींत पाहतो.