रेव्हिटमध्ये कॉलआउट काढताना कोणता व्ह्यू निवडायचा? गोंदियातील एका घराच्या नकाशावरून समजून घ्या

गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1200 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. इथे घर कुठून गळणार, हे बऱ्याचदा दोनच जागी ठरतं : न्हाणीचा संकन स्लॅब आणि खिडकीवरचा छज्जा. 1:100 च्या नकाशात या दोन्ही गोष्टी नखाएवढ्या दिसतात. म्हणून त्या मोठ्या करून दाखवाव्या लागतात. नकाशावर त्या भागाभोवती जी चौकट आणि क्रमांकाचा गोल दिसतो, त्याला कॉलआउट म्हणतात.

ऑटोडेस्कच्या रेव्हिटमध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर कॉलआउटचं बटण आहे. चौकट ओढण्याआधी टाइप सिलेक्टरमध्ये प्रकार निवडायचा असतो. घाईत बहुतेक जण तिथे बघतच नाहीत, जो प्रकार समोर असेल तो चालवून घेतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण एकदा तयार झालेला डिटेल व्ह्यू नंतर फ्लोअर प्लॅनमध्ये बदलता येत नाही. तो पुसून नव्याने काढावा लागतो, आणि त्यात टाकलेली मापं व टिपाही पुन्हा टाकाव्या लागतात.

न्हाणीसाठी फ्लोअर प्लॅन

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार एकत्र न्हाणी-शौचालयाचं किमान क्षेत्रफळ 2.8 चौरस मीटर आणि किमान रुंदी 1.2 मीटर हवी. ही 1.2 मीटर रुंदी 1:100 ला कागदावर फक्त 12 मिलिमीटर होते, 1:20 ला 60. आता कमोड, नळ, फरशीचा उतार आणि नहाणी ट्रॅप नीट दाखवता येतात. (देशभरातले प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द आपल्या न्हाणीचाच.)

इथे कॉलआउटचा प्रकार फ्लोअर प्लॅन ठेवावा. हा मूळ प्लॅनचाच मोठा केलेला तुकडा असतो आणि प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये फ्लोअर प्लॅनच्याच यादीत दिसतो. खरा फायदा आहे व्ह्यू रेंजचा. प्लॅन साधारण 1200 मिलिमीटर उंचीवर कापलेला असतो. न्हाणीचा व्हेंटिलेटर त्याहून वर असतो, त्यामुळे तो प्लॅनमध्ये दिसतच नाही. फ्लोअर प्लॅन कॉलआउटची रेंज स्वतंत्र असते. तेवढ्यापुरती काप-उंची वर नेली की व्हेंटिलेटर दिसतो आणि मूळ प्लॅनला धक्काही लागत नाही. डिटेल व्ह्यूला अशी रेंज नसते.

छज्जासाठी डिटेल व्ह्यू

छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी मागे वळून भिंतीत जातं. ही खाच सेक्शनमधून 1:5 किंवा 1:10 ला दाखवावी लागते. इथे प्रकार निवडायचा डिटेल व्ह्यू. तो ब्राउझरमध्ये वेगळ्या ‘डिटेल व्ह्यूज’ यादीत जातो. मागे मॉडेलचा खरा काप असतो. त्यावर डिटेल लाइन, भराव आणि टिपा टाकून तपशील पूर्ण करायचा. ही भर फक्त त्याच व्ह्यूमध्ये राहते, मूळ सेक्शनमध्ये दिसत नाही. ‘शो इन’ या प्रॉपर्टीत ‘इंटरसेक्टिंग व्ह्यूज’ निवडलं तर ज्या इतर व्ह्यूंना हा भाग छेदतो, तिथेही त्याची खूण उमटते.

एक सावधगिरी हवी. नंतर छज्जा मॉडेलमध्ये खाली सरकवला तर काप आपोआप बदलतो, पण वर हाताने काढलेली खाच बऱ्याचदा जुन्याच जागी राहते. छापण्याआधी प्रत्येक डिटेल उघडून बघणं कंटाळवाणं खरं, पण मिस्त्री जे कागदावर आहे तेच बांधतो.

तिसरा मार्ग : रेफरन्स कॉलआउट

घरात एकसारखे आठ छज्जे असतील तर आठ डिटेल काढायची गरज नाही. ‘रेफरन्स अदर व्ह्यू’ वर टिक करून आधीच्या डिटेलकडे बोट दाखवता येतं. अशा वेळी नवा व्ह्यू तयारच होत नाही. गोलात मूळ डिटेलचा क्रमांक येतो. ड्राफ्टिंग व्ह्यूमध्ये काढून ठेवलेलं नेहमीचं वॉटरप्रूफिंगचं चित्रही असं जोडता येतं. मात्र ड्राफ्टिंग व्ह्यूचा मॉडेलशी काहीच संबंध नसतो. या घराचा संकन स्लॅब चित्रातल्यापेक्षा कमी खोल असेल, तरी सॉफ्टवेअर अवाक्षर काढणार नाही. नेहमीचं चित्र नेहमीच्याच मापाला वापरलेलं बरं.

पुसताना

साध्या कॉलआउटची चौकट पुसली की त्यामागचा व्ह्यूही जातो. मूळ प्लॅन किंवा सेक्शन पुसला, तर त्यातून काढलेले कॉलआउट व्ह्यूही त्याच्याबरोबर जातात. रेफरन्स कॉलआउट पुसला तर मात्र मूळ डिटेल सुखरूप राहतो. ‘जास्तीचा’ वाटणारा सेक्शन काढताना आधी त्याच्यावर किती गोल आहेत ते मोजावेत.

गोल रिकामा दिसत असेल तर घाबरू नये. व्ह्यू शीटवर ठेवला की डिटेल क्रमांक आणि शीट क्रमांक आपोआप भरले जातात. साइटवर कागद पाठवल्यावरही गोल रिकामा असेल, तर त्याचा अर्थ तो डिटेल कोणत्याच शीटवर नाही.