घुमटावरची बाई आणि रुळाखालची माती



मागच्या वर्षी प्रदर्शनासाठी आम्ही गटाच्या बाया मुंबईला गेलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. बाहेर येऊन वळून पाहिलं, तर आमच्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, हे ठेसन म्हणावं का राजवाडा?"

त्यांचं काही चुकलं नाही. आधी तिथं बोरीबंदरचं साधं स्टेशन होतं. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला जाणारी पहिली गाडी तिथूनच सुटली. आजच्या इमारतीचं काम १८७८ ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. टोकदार कमानी, मनोरे, रंगीत काचा विलायती धाटणीच्या. पण दगडात कोरलेले मोर आणि पानंफुलं आपल्याकडची. त्या नक्षीकामाला जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागले. फाटकाच्या एका खांबावर सिंह, म्हणजे इंग्लंड. दुसऱ्यावर वाघ, म्हणजे हिंदुस्थान. राणी व्हिक्टोरियाचं नाव जाऊन १९९६ ला शिवाजी महाराजांचं नाव आलं. २००४ ला युनेस्कोनं या वास्तूला जागतिक वारसा ठरवलं.

आणि मोठ्या घुमटावर कोण उभं आहे? एक बाई! हातात उंच मशाल, जवळ चाक. तिचं नाव 'प्रगती'.

तिला पाहून मला आपली दौंड-मनमाड लाईन आठवली. १८७६-७७ च्या दुष्काळात या लाईनचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून काढलं होतं. उपाशी माणसांनी, बायांनी डोक्यावर पाट्या वाहून भराव घातला. बाईला मजुरी पुरुषापेक्षा कमी. १८७८ ला त्यावरून गाडी धावली. तिकडं मुंबईत राजवाडा उभा राहायला लागला, तेच हे साल.

स्टीव्हन्स यांचं नाव पुस्तकात आहे. पाटी वाहणाऱ्या एकाही बाईचं नाव मला कुठं वाचायला मिळालं नाही.

त्या बाया आता भेटणार नाहीत. पण १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलावावर राबलेल्या आज्या अजून आपल्या गावात आहेत. माझ्या सासूबाई त्यातल्याच. कुठला रस्ता, कुठलं तळं, मजुरी किती, सुकडी कशी मिळायची, सगळं त्यांना आठवतं.

म्हणून एक काम करू. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की एका आजीला बोलतं करा आणि इतिवृत्ताच्या वहीत तिचं नाव, तिचं काम लिहून ठेवा. आपल्या नातींना ते वाचायला मिळू द्या.