दार नसलेलं गाव, दार नसलेले सर्व्हर

आजचा एपिसोड मी गावाकडून, सोनईहून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

शनिशिंगणापूर इथून जवळच. तिथल्या घरांना चौकट असते, पण कवाड नसतं. पडदा असतो, आणि रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी टेकवून ठेवतात. चोरी केली तर शनिदेव बघून घेतो, ही श्रद्धा. आम्हाला लहानपणी त्याचं काही नवल वाटायचं नाही. नवल वाटलं ते 1996 मध्ये, पुण्यात इंजिनिअरिंगला असताना. लॅबमधल्या काळ्या स्क्रीनवर एका सिनियरने मला थेट अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटरमध्ये नेलं. युजरनेम विचारल्यावर त्याने टाईप केलं, ‘ॲनॉनिमस’. म्हणजे अनामिक. पासवर्डच्या जागी स्वतःचा ईमेल पत्ता. आणि आत! ‘पब’ नावाच्या फोल्डरमध्ये हजारो प्रोग्रॅम, हवं ते न्या. मी म्हणालो, “अरे, हे तर आमचं शिंगणापूर!”

ही सोय म्हणजे एफटीपी, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाईल नेण्याचे नियम. ते पहिल्यांदा लिहिले एप्रिल 1971 मध्ये अभय भूषण यांनी. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतला हा माणूस तेव्हा एमआयटीत होता. पाहुण्याला ‘ॲनॉनिमस’ नावाने आत घ्यायची पद्धत नंतर रुळली.

पण कुठल्या सर्व्हरवर काय ठेवलंय, हे कळणार कसं? गुगल तर नव्हतंच. 1990 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी ‘आर्ची’ बनवलं. ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवरच्या फाईलींच्या याद्या गोळा करून ठेवायचं. फक्त नावं हं, आतला मजकूर नाही. फाईलचं नाव चुकलं की संपलं.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएलकडून. त्याआधी ते अर्नेटमुळे जुहूच्या एनसीएसटीसारख्या मोजक्या संस्थांपुरतंच होतं. वेग किती? 9600 बिटच्या लाईनवर एक फ्लॉपीभर, म्हणजे 1.44 एमबी उतरवायला सगळं सुरळीत असलं तरी वीस मिनिटं. तुमचा सकाळचा गुड मॉर्निंगचा व्हिडिओसुद्धा याहून मोठा असतो.

कित्येक सर्व्हर आत शिरताच एक विनंती दाखवायचे: आमच्या कामाच्या वेळेत मोठ्या फाईली उतरवू नका. आपली दुपार म्हणजे तिकडची मध्यरात्र, त्यामुळे आम्ही जेवण उरकून पळत लॅबमध्ये. मी पहिल्यांदा एकट्याने झिप फाईल उतरवली, दोन तास लागले, आणि ती उघडेचना. ‘बिन’ ही तीन अक्षरं टाईप करायला विसरलो होतो. ती दिली नाहीत तर सर्व्हर फाईलला साधा मजकूर समजायचा आणि वाटेत तिच्यातली अक्षरं बदलून टाकायचा. पूर्ण दुपार पाण्यात. सिनियर पोट धरून हसला.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे बघा. अँड्रॉईड असेल तर त्याच्या गाभ्यात लिनक्स आहे. सप्टेंबर 1991 मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ते फिनलंडच्या अशाच एका उघड्या सर्व्हरवर ठेवलं. त्याला नाव हवं होतं ‘फ्रीक्स’. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेमके यांना ते पटलं नाही. त्यांनी फोल्डरला नाव दिलं ‘लिनक्स’. तेच टिकलं. त्या फोल्डरला कुलूप असतं तर? विद्यार्थ्याचं काम कुणी पाहिलं असतं, देव जाणे.

चोर नव्हते असं नाही. काही सर्व्हरवर ‘इनकमिंग’ फोल्डर असायचं, तिथे कुणीही काहीही ठेवू शकायचं. पायरसीवाल्यांनी त्याचं गोदाम केलं. 1994 मध्ये तर कहरच झाला. हे सर्व्हर चालवण्यासाठीच्या एका लोकप्रिय मोफत प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं! शिवाय एफटीपीवर पासवर्ड उघडाच जायचा, वाटेत कुणीही वाचावा. पाहुण्याला त्याची फिकीर नव्हती, घरमालकाला होती.

माझ्या मते हे सगळं श्रद्धेपेक्षा ओळखीवर चालायचं. माणसं थोडी होती, बहुतेक विद्यापीठांतली. गर्दी आली आणि हिशोब बदलला. शिंगणापुरातही 2011 मध्ये बँक आली, तिला काचेचं दार आहे. 2015 मध्ये पोलीस ठाणंही आलं. तिकडे लिनक्सच्या मुख्य सर्व्हरने आणि डेबियनने 2017 मध्ये सार्वजनिक एफटीपी बंद केलं. 2021 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनेही ते काढून टाकलं.

डेबियन मात्र आजही साध्या वेब लिंकवरून मिळतं. फुकट, लॉगिन नाही, ओटीपी नाही. आता तर ईमेल पत्तासुद्धा विचारत नाहीत. रात्री वायफाय मिळालं तर उतरवून बघा. आणि हो, ‘बिन’ टाईप करायची गरज नाही.