आकाशातून पडलेलं जातं

पहिल्या महायुद्धातला हिंदी शिपाई म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्समधले खंदक येतात. मराठा पलटणी मात्र मुख्यतः लढल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कोकण आणि पुणे-सातारा हा त्यांच्या भरतीचा मुलूख, तेव्हा आपल्या जुन्नर-आंबेगावकडची पोरंही त्यात असणारच.

१०३वी, ११०वी आणि ११७वी या तीन मराठा पलटणी कुट-अल-अमारात अडकल्या. तैग्रिसच्या वळणातलं लहानसं गाव, तीन बाजूंना नदी. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनेच संपला.

दाणागोटा संपत आला तशी घोडे कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपाई ते मांस खाईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी बरेच जण बधले नाहीत. अंगावर स्कर्व्ही फुटला, पोटं खपाटीला गेली, पण भीती वेगळीच होती... गावी कळलं तर? पोरीबाळींची लग्नं कशी जमायची? अनेकांनी याला अडाणीपणा म्हटलंय. मला नाही पटत. जो माणूस पंगतीतल्या आपल्या पानाची काळजी करतो, त्याने घरी परतायची आशा सोडलेली नसते!

वेढ्यात पीठ दळण्यासाठी विमानातून जात्याचा दगडही टाकला होता, हे वाचून मी थांबलोच. इकडे त्याच पहाटे घोडनदीकाठच्या कुठल्याशा घरात बायको जात्यावर बसलेली असेल. ती निदान ओवीत मन मोकळं करू शकत होती.

त्याला तीही सोय नव्हती. बहुतेकांना लिहिता येत नसे. वेढ्याआधी छावणीत पत्र लिहायचं तर मजकूर दुसऱ्याला सांगायचा, वाटेत सेन्सॉरने तो वाचायचा आणि गावी मास्तर नाहीतर कुलकर्णी चारचौघांत वाचून दाखवणार. त्यात बायकोला काय लिहिणार? वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार, पाऊसपाणी कसं आहे, बैल कसा आहे, आणि शेवटी 'घरची मंडळी खुशाल असावीत'. त्या 'घरच्या मंडळीं'त ती आली. तिला ते कळत असणार.

शरणागतीनंतर साधारण तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांत लढाऊ नसलेले नोकरचाकरही होते. उन्हातान्हातून वाळवंट तुडवत निघालेल्यांपैकी कित्येक वाटेतच गेले. उरलेल्यांतले बरेच हिंदी कैदी रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपले गेले.

बसऱ्याला या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक उभारलं, तेव्हा गोऱ्या सैनिकांची नावं भिंतीवर कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीमागे फक्त आकडा लिहिला. गावी जिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, तिच्या नवऱ्याचं नाव तिथेही नाही.

आणि आंबेगाव? तालुक्याला नाव देणारं ते जुनं गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे.